घमेल्यातला सरपंच

(१९८६ चा वैशाख. नळदुर्गाच्या वरच्या अंगाला एक गाव, त्यातली बौद्ध वस्ती. मथुराबाईच्या घरापुढं छप्पर, छपराच्या सावलीत एक घमेलं. शंकरप्पा हा ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. सायकल भिंतीला लावून तो नुकताच उंबऱ्याबाहेर टेकलाय, आणि ज्याच्यासाठी एवढ्या उन्हात बोलावलं ते जनावर बघून हसावं की चिडावं, हे त्याला ठरवता येईना झालंय.)

शंकरप्पा: अहो, माझा दवाखाना ढोरांचा हाय, मथुराबाई. बैल, म्हैस, फार तर शेळी. तीस सालाच्या नोकरीत कासव काय म्या हातात धरलेलं न्हाय.

मथुराबाई: मग आज धरा की. चार पाय हायती त्येला, शेपूट हाय. ढोराला आजून काय लागतंय?

शंकरप्पा: निरोपात म्हणलं, जनावर लई आजारी हाय. म्या जेवणावरनं उठून आलो. म्हणलं, शेळीबिळी आडली आसंल.

मथुराबाई: शेळी संक्रांतीलाच इकली. चारा कुठंय? आता घरात जपायचे दोनच जीव हायती. एक ह्ये, आन् दुसरी आत निजलीय, माझी बना. आठवा सरला तिचा. बाळंतपणाला आलीया. आन् ह्ये तिचंच लेकरू म्हणा. तिच्यासंगंच आलं माकणीवरनं, जेवणाच्या डब्यात बसून.

शंकरप्पा: कासव माहेराला आलं? डब्यात?

मथुराबाई: हिरीसाठी वो. जावई धरणाच्या कामावर हायत न्हवं, तिथं मातीत घावलं. रुपयाएवढं होतं. औंदा आमच्या वस्तीची हीर खंदाया घेतली, ठावं हाय तुमाला. बना म्हणली, आई, पयलीवयली आपली हीर, तिच्यात कासव आपल्याच हातानं सोडू. पाणी निवळ ऱ्हातंय त्येच्यानं, घाण खाऊन टाकतंय.

शंकरप्पा: आन् हिरीला पाणी कुठं लागलं?

मथुराबाई: पन्नास फुटांवर काळा फत्तर लागला. मग काय, हीर झाली तयार, कासवबी तयार, पाणीच आलं न्हाय. पाऊस पडस्तोवर बसा म्हणलं घमेल्यात. बनानं नाव ठिवलंय त्येला. सरपंच.

शंकरप्पा: सरपंच? त्ये का?

मथुराबाई: हाक मारली की मान आत घेतोय.

शंकरप्पा: अय्यो! हळू बोला, बाई. भिंतीपल्याड कुणी आसंल.

मथुराबाई: हसा, हसा. पर आप्पा, चार दिस झालं, मान आत घेत न्हाय त्यो. हाक मारा, टिचकी मारा, तशीच बाहीर लोंबतीय. म्हणून तुमाला बलावलं. बना सारखी इचारतीया, बरा हाय का, खाल्लं का. तिच्या मनानं धरलंय, ह्येला काय झालं तर बाळंतपणात वंगाळ व्हईल. पयलटकरीण हाय, कोण समजावणार?

शंकरप्पा: बगू. आणा इकडं.

मथुराबाई: आधी पाणी तर घ्या. उन्हाचं आलाय. ...घेता न्हवं? का आजून आमच्या घरचं...

शंकरप्पा: द्या, द्या. तांब्या भरून द्या. त्ये दिस गेले आता.

मथुराबाई: घ्या. ...काय झालं, आप्पा?

शंकरप्पा: कुठं काय? काय न्हाय. जरा उग्र लागलं.

मथुराबाई: उग्र?

शंकरप्पा: न्हाय न्हाय, तसं न्हाय...

मथुराबाई: तुमच्या वरल्या आळीला ज्यो टँकर येतोय, त्योच इथं येतोय. येगळं पाणी न्हाय आमचं.

शंकरप्पा: म्या तसं म्हणलोच न्हाय, बाई. टँकर कुठल्या तळ्यातनं भरून आणतेत, कोण बगतंय? गार हाय. लई गार हाय. ह्ये बगा, संपीवलं. थेंब ठिवला न्हाय.

मथुराबाई: मग बरं. आजून देऊ?

शंकरप्पा: पुरे, पुरे. द्या त्या सरपंचाला. हं. ...अरे, हलकं हाय की. उलथं केलं तरी हातपाय मारत न्हाय. खातंय काय?

मथुराबाई: आधी लई खादाड. ज्वारीच्या पिठाची गोळी, मुंगळ्याची अंडी, कवा कोथमिरीचा देठ. माझ्या बोटातनं घ्यायचं. आता तोंडाम्होरं धरलं तरी वास घेत न्हाय. परवा हळदीचं बोट लावलं नरड्याला. सकाळचं जरा उन्हात ठिवती. पाणी तर दिसातनं दोनदा बदलती, आप्पा. हांडाभर पाण्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या उपटाय लागल्यात, आन् म्या ह्येला दोनदा पाणी बदलती. ह्येंनी बगितलं तर मलाच घमेल्यात बसिवतील.

शंकरप्पा: ज्ञानोबा कुठं हायत?

मथुराबाई: पाझर तलावावर, खडी फोडाया. दिवस मावळल्याबगर येत न्हायत.

शंकरप्पा: बदललेलं पाणी कुठलं? टँकरचंच?

मथुराबाई: दुसरं कुठलं? ताजं, पिंपातलं. बना म्हणती, शिळं पाणी न्हाय मानवत त्येला. पाणी बदललं की घटकाभर गरागरा फिरतंय घमेल्यात, एकाच अंगानं. मला वाटलं, तरतरी आली. मग निपचित पडतंय.

शंकरप्पा: एकाच अंगानं फिरतंय?

मथुराबाई: व्हय. घाण्याच्या बैलावाणी.

शंकरप्पा: ह्ये पाय बगा त्येचं. बोट न लावता उडतंय. आन् इथलं कातडं. बगितलं का? आलं, पुन्हा आलं.

मथुराबाई: म्हंजे जीव हाय त्येच्यात.

शंकरप्पा: ह्ये कातडं उडणं म्या कुठंतरी... किती दिस झालं म्हणलात?

मथुराबाई: चार दिस झालं मान टाकून. तसं आजारी म्हणाल तर गेल्या बाजारापासनं. बाजारादिवशी टँकर आला, त्येच्या दुसऱ्या दिवशी ह्येनं पीठ टाकलं. आठ दिस धरा.

शंकरप्पा: त्येच्या आधी पाणी कशात भरत व्हता?

मथुराबाई: रांजण व्हता माझ्या सासूच्या हातचा. त्यो तडकला. मग पिंप घावलं, नशीबच म्हणायचं. तुमीच चिठ्ठी काढली न्हवं सोसायटीत. वस्तीला चार आली, त्यातलं एक आमाला. चिठ्ठी न्हाय निघाली म्हणून ठकूबाईचं तोंड आजून वाकडं हाय.

शंकरप्पा: ती फवारणीच्या औषधाची पिंपं. माझ्या ध्यानातच न्हाय आलं. ...मथुराबाई, घासलं व्हतं न्हवं तुमी? राखेनं तीनदा घासून, दर खेपंला पाण्यानं खंगाळून?

मथुराबाई: घासलं की. राखेनं घासलं, फडक्यानं पुसलं. चकाचक केलं.

शंकरप्पा: पाण्यानं?

मथुराबाई: पाणी कुठलं, आप्पा? चौथ्या दिशी टँकर. प्यायाला पुरंना, आन् पिंप तीनदा धुवायचं? एकदाच खंगाळलं, दोन तांबे घालून. त्येबी सांडायला जीव झाला न्हाय, कोंबड्यांच्या भांड्यात वतलं.

शंकरप्पा: कोंबड्या? ज्या मेल्या त्या?

मथुराबाई: व्हय. दोन्ही. तुमी सायकलवरनं जाताना इचारलं न्हवं म्या? म्हणलं, मान वाकडी करून पडल्यात. तुमी म्हणलात, मानमोडी आलीया, पुरून टाका लांब.

शंकरप्पा: म्हणलो. खाली उतरूनबी बगितलं न्हाय.

मथुराबाई: आसूंद्या. औंदा सगळ्यांच्याच गेल्या. आता ह्येचं सांगा. एखादं इंजेक्शान, पुडी?

शंकरप्पा: पिंप दाखवा मला.

मथुराबाई: पिंपाचं काय करता? कासव हितं हाय.

शंकरप्पा: कुठंय? आत? म्या येतो आत.

मथुराबाई: या की. आमची ना न्हाय. तुमच्या घरच्यास्नी सांगू नका म्हंजे झालं. ...आवाज करू नका, बना निजलीया. ...आप्पा, तोंड घालू नका पाण्यात! पितो आमी त्ये.

शंकरप्पा: झाकण घट्ट आसतंय व्हय ह्येचं?

मथुराबाई: तर! माशी बसू देत न्हाय म्या.

शंकरप्पा: चला भाईर. ...मथुराबाई, म्या सांगतो त्ये नीट ऐका. ह्ये पाणी आता कुणी प्यायचं न्हाय. सैपाकाला न्हाय, तोंड धुवाया न्हाय. ह्या कासवालाबी न्हाय.

मथुराबाई: का?

शंकरप्पा: वंगाळ हाय.

मथुराबाई: वंगाळ. मघा उग्र व्हतं, आता वंगाळ झालं. आप्पा, सरळ बोला की. तांब्यानं प्यालात खरं, पर उतरलं न्हाय न्हवं नरड्याखाली?

शंकरप्पा: तसं न्हाय हो ह्ये.

मथुराबाई: मग कसं हाय? म्या ल्हान व्हते, तव्हा तुमच्या आळीच्या हिरीवर आमी चुंबळ घेऊन बसायचो, सकाळपासनं दुपारपातूर. कुणाला दया आली तर वरनं धार वतायचं. त्या पाण्यात पालापाचोळा, आळ्या. आमी म्हणलो न्हाय वंगाळ. आज आमच्या घरात भरलेलं पिंप हाय, आपल्या हातानं घ्यावं, कुणापुढं वंजळ धरायची न्हाय, तर त्ये वंगाळ!

शंकरप्पा: बोला. काय बोलायचं त्ये मागनं बोला, म्या खाली मान घालून ऐकीन. पर आता येळ न्हाय. गेल्या साली वीरप्पाच्या बैलानं फवारलेल्या रानातलं गवत खाल्लं, याद हाय? दोन दिस गोल फिरला एकाच अंगानं. मग कातडं उडाया लागलं, आसंच. म्या व्हतो तिथं, त्येचं डोस्कं मांडीवर घेऊन.

मथुराबाई: आन् बैलाचं काय झालं?

शंकरप्पा: त्ये ऱ्हाऊंद्या. आधी घरातलं सांगा.

मथुराबाई: आप्पा, बैलाचं काय झालं?

शंकरप्पा: मेला. मथुराबाई, औषध पत्र्यात मुरतंय. राखेनं जात न्हाय, दहा पाण्यानंबी जात न्हाय. मला ठावं पायजे व्हतं. चिठ्ठ्या काढल्या त्या दिशी तुमच्या वस्तीतल्या हरणाबाईनं सगळ्यांम्होरं इचारलं मला, आप्पा, तुमी दवाखान्यातले, ह्येच्यात पाणी भरलं तर चालतंय का? चेअरमन बगत व्हता, लोक बगत व्हते, पिंपासाठी हातघाई चाललेली. म्या म्हणलो, राखेनं तीनदा धुवा, काय होत न्हाय. मला काय मालूम व्हतं? काय मालूम नव्हतं. नव्हतं मालूम, तर गप बसायला काय झालं व्हतं मला! आन् मघा तांब्या तोंडाला लावला तव्हा वास आला. खरं सांगतो, वास आला. तुमाला वाटंल जात काढली, म्हणून गटागटा प्यालो.

मथुराबाई: आप्पा...

शंकरप्पा: ह्यो रुपयाएवढा जीव. त्येला आधी लागलं, आन् त्ये दिसातनं दोनदा पाणी बदलून तुमी त्येला...

मथुराबाई: म्याच पाजलं.

शंकरप्पा: तुमी न्हाय. म्या. आता सांगा, घरात ह्ये पाणी कोण कोण पितंय?

मथुराबाई: ह्ये दिसभर कामावर मुकादमाच्या माठातलं पितेत, रातीला हितलं. म्या कमीच पिती. पुरवून पुरवून, दोनदा घोट. म्या म्हणती, बना दोन जिवाची, तिला पोटभर पिऊंद्या. तिचा तांब्या उशाला भरून ठिवती, आप्पा. रिकामा झाला की भरती.

शंकरप्पा: आठ दिस?

मथुराबाई: आठ दिस.

शंकरप्पा: तिला काय होतंय? काय तरी म्हणली आसंल. डोस्कं दुखतंय, गरगरतंय?

मथुराबाई: दुखतंय. पर पोटुशी बाईला दुखतंयच की. सुईण म्हणली, उन्हाचं हाय. परवापासनं उलटी हाय. नवव्यात कुणाकुणाला होती म्हणं. आन् राती पोटरी उडती तिची. म्या आपली तेल लावून रगडती. ...पोटरी उडती, आप्पा.

शंकरप्पा: उठवा तिला.

मथुराबाई: सकाळपासनं निजूनच हाय. म्या म्हणलं, झोप लागली तर लागूंद्या.

शंकरप्पा: उठवा, मथुराबाई!

मथुराबाई: बने! अगं ए बने! ...ऊठ, माय. बना! ...आप्पा, या हिकडं! ...उठली, उठली. हळू. धर मला.

बनाबाई: काय गं, आई? वरडतीस कशाला? ...आप्पा आलेत व्हय? सरपंच बरा हाय का?

शंकरप्पा: त्येचंच बगाया आलोय, पोरी. आता तुझं बगतो. हात म्होरं कर बरं. दोन्ही. बोटं फाकव. आसंच धर.

बनाबाई: थरथरतेत जरा. आशक्तपणा हाय. ...म्या काय शेळी हाय व्हय, आप्पा, बगाया?

शंकरप्पा: शेळीपरास शानी हायस. पोटात पोर फिरतंय का?

बनाबाई: लई फिरतंय. दोन दिस झालं, सारखं उसळतंय. आई म्हणती, पैलवान हाय.

मथुराबाई: आज फिरलं का गं?

बनाबाई: आज... सकाळी फिरलं. आता निजलंय वाटतं.

शंकरप्पा: बरं, बरं. तू टेक भिंतीला. मथुराबाई, जरा भाईर या. ...नळदुर्गाच्या दवाखान्यात काय हुणार न्हाय ह्येचं, सोलापूरलाच न्यावं लागंल. सोसायटीची जीप देवळाम्होरं उभी हाय, चेअरमन जेवाया आलेत. म्या जातो आन् घेऊन येतो.

मथुराबाई: देतील का? आमच्यासाठी?

शंकरप्पा: म्या आडवा पडीन जीपम्होरं. न्हाय म्हणू द्या तर खरं. तवर कुणाला एक घोट देऊ नका. पिंप वतू नका, पाणी जाईल तिथं कुत्रं तोंड लावंल, डॉक्टरलाबी दाखवावं लागंल. झाकण लावून ठिवा. जाताजाता वस्तीतल्या तिन्ही घरांत सांगतो. आन् बालवाडीत एक पिंप दिलंय. आधी तिथं जातो.

मथुराबाई: बालवाडीत?

शंकरप्पा: व्हय. ल्हान पोरांना पाणी पुरावं म्हणून म्याच सुचिवलं व्हतं.

मथुराबाई: मग हिला प्यायाला काय देऊ, आप्पा? घरात दुसरा थेंब न्हाय. टँकर परवा.

शंकरप्पा: म्या आणतो. माझ्या घरनं... न्हाय, माझ्या घरीबी पिंपच हाय. गुरवाकडं माठ हाय जुना. त्येच्यातलं आणतो कळशीभर.

मथुराबाई: आप्पा, तुमीबी प्यालात न्हवं.

शंकरप्पा: आं? व्हय. म्या एक तांब्या प्यालो. तिला आठ दिस झालं. ...ती सायकल सरळ करा जरा. माझं हात घामेजल्यात.

मथुराबाई: लवकर या. उन्हाकडं बगू नका. लवकर या, आप्पा.

बनाबाई: आई! कुठं गेलीस गं?

मथुराबाई: आले. हितंच हाय म्या.

बनाबाई: काय म्हणलं आप्पा? सरपंचाला औषध दिलं का?

मथुराबाई: आणाया गेलेत.

बनाबाई: घमेलं हिकडं घेऊन ये ना. बगू दे मला.

मथुराबाई: निजलाय त्यो. मग बग.

बनाबाई: मान आत घेतली का त्येनं?

मथुराबाई: न्हाय, माय. आजून न्हाय.

बनाबाई: घेईल. तू रडतीस काय गं? कासव लई चिवट आसतंय, ह्येंनी सांगितलंय मला. शंभर सालं जगतंय म्हणं. आपल्या हिरीत माझी नातवंडं बगतील त्येला. ...आई, त्यो तांब्या दे गं. नरडं सुकलंय.

मथुराबाई: रिकामा हाय त्यो.

बनाबाई: मग भर की.

मथुराबाई: थोडं दम काढ. आप्पा आणाया गेलेत पाणीबी. गुरवाच्या माठातलं, चांगलं गार.

बनाबाई: वरल्या आळीतनं? पाणी? आपल्याला?

मथुराबाई: व्हय. येतील इतक्यात.

बनाबाई: काय बाई तुझं. त्यांच्या दारातलं पाणी कशाला मागायचं आता? काठोकाठ भरलंय की आपलं पिंप.